लाटोया रुबी फ्रेझर

लाटोया रुबी फ्रेझर (जन्म : १९८२, ब्रॅडक, पेनसिल्व्हेनिया) या समकालीन अमेरिकन छायाचित्रकार, दृश्यकलावंत आणि अध्यापिका आहेत. पोलाद, मोटार व कोळसा या उद्योगांवर उभ्या राहिलेल्या आणि ते उद्योग मंदावल्यावर वाऱ्यावर सोडल्या गेलेल्या कामगार वस्त्या हा त्यांच्या कामाचा मुख्य विषय आहे. स्वतःची आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांच्या छायाचित्रांतून साकारलेला ‘द नोशन ऑफ फॅमिली’ हा ग्रंथ (२०१४) त्यांची सर्वांत परिचित कृती होय. त्यानंतर मिशिगनमधील फ्लिंटचे पाणीसंकट, ओहायोमधील मोटार कारखान्याचे बंद होणे आणि कोविडकाळातील बाल्टिमोरचे आरोग्यसेवक यांवर त्यांनी दीर्घ छायाचित्रमालिका केल्या. २०१५ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाने त्यांच्या दोन दशकांहून अधिक काळच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले.

ब्रॅडक

फ्रेझर यांचे काम समजून घेण्यासाठी त्यांचे गाव आधी समजून घ्यावे लागते. ब्रॅडक हे पिट्सबर्गच्या पूर्वेस मोनाँगाहीला नदीच्या काठी, नदीमुखापासून सुमारे १६ किलोमीटरवर वसलेले छोटे नगर आहे. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचा एडगर थॉमसन पोलाद कारखाना येथे १८७५ साली सुरू झाला. हा कारखाना आजही चालू आहे. कार्नेगी यांनी जगभर हजारो ग्रंथालयांना देणग्या दिल्या. त्यांचे अमेरिकेतील पहिले ग्रंथालय १८८९ साली ब्रॅडकमध्येच उघडले आणि त्याच्या तळघरात कामगारांसाठी स्नानगृहे होती. १९२० च्या सुमारास गावाची लोकसंख्या सुमारे २१,००० होती. २०१० च्या जनगणनेत ती २,१५९ भरली.

या घसरणीमागे केवळ पोलाद उद्योगाची मंदी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कुटुंबे उपनगरांकडे गेली. कृष्णवर्णीयांना गृहकर्जे नाकारणाऱ्या व घरखरेदीत अडथळे आणणाऱ्या धोरणांमुळे आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबे मात्र गावातच अडकून पडली. १९७० व ८० च्या दशकांत पिट्सबर्ग परिसरातील अनेक पोलाद कारखाने बंद झाले. पाठोपाठ अमली पदार्थांचा सुळसुळाट झाला. आपल्या घरातील तीन स्त्रियांकडे फ्रेझर याच क्रमाने पाहतात. आजी रुबी (१९२५–२००९) हिने भरभराटीचे ब्रॅडक पाहिले, आई सिंथिया (जन्म १९५९) हिने लोक सोडून जात असलेले ब्रॅडक पाहिले आणि स्वतः लाटोया यांच्या वाट्याला ओस पडलेले ब्रॅडक आले. कारखान्याच्या धुराने तिघींच्याही शरीरांवर परिणाम केला, हा त्यांच्या कामाचा गाभ्यातील आरोप आहे. आजीचा मृत्यू कर्करोगाने झाला, आईला कर्करोगासह इतर दीर्घ आजारांना तोंड द्यावे लागले, तर स्वतः फ्रेझर यांना ल्युपस हा स्वयंप्रतिकारक विकार आहे.

ब्रॅडकच्या इतिहासाच्या प्रचलित कथनात कार्नेगी आहेत, युरोपातून आलेले स्थलांतरित मजूर आहेत. कृष्णवर्णीय पोलाद कामगार आणि त्यांची कुटुंबे मात्र जवळजवळ नाहीत. फ्रेझर यांच्या घरातील ‘ग्रॅम्प्स’ म्हणजे आजीचे सावत्र वडील याच कारखान्यात राबले होते. नोंदींमधील ही गैरहजेरी भरून काढणे, हा त्यांच्या सुरुवातीच्या छायाचित्रणामागील एक उघड हेतू होता.

शिक्षण

बालपणी फ्रेझर यांचा सांभाळ मुख्यतः आजीने केला. किशोरवयात त्या चित्रे काढीत असत. पेनसिल्व्हेनियातील एडिनबरो विद्यापीठातून त्यांनी २००४ साली कलेची पदवी घेतली. तेथील अध्यापिका कॅथी कोवाल्स्की यांनी त्यांना कॅमेरा घरच्या माणसांकडे वळवण्यास प्रोत्साहन दिले. पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात २००७ साली पदव्युत्तर शिक्षण घेताना त्यांना कॅरी मे वीम्स यांचे मार्गदर्शन लाभले. वीम्स यांनी कृष्णवर्णीय कुटुंबाचे घरगुती जग स्वतःला चौकटीत ठेवून चित्रित केले आहे. फ्रेझर यांच्या स्व-चित्रांमध्ये हा वारसा दिसतो, मात्र वीम्स यांची नाट्यमय मांडणी येथे नाही. २०१०-११ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमधील व्हिटनी संग्रहालयाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही पूर्ण केला.

१९३० च्या दशकातील मंदीच्या काळात अमेरिकन सरकारच्या कृषी विभागासाठी झालेले छायाचित्रण आणि गॉर्डन पार्क्स यांचे काम ही फ्रेझर यांची दुसरी मुळे. त्यांपैकी पहिल्याशी त्यांचे नाते आदराइतकेच वादाचेही आहे. डोरोथिया लँग यांचे १९३६ मधील ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले, पण त्यातील स्त्रीचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे लोकांना १९७८ मध्ये कळले. चित्रातील व्यक्ती निनावी राहते आणि चित्रकाराचे नाव होते, ही पद्धत उलटवण्याचा प्रयत्न फ्रेझर यांच्या प्रत्येक प्रकल्पात आढळतो. त्यांच्या चित्रांची लांबलचक शीर्षके त्यामुळेच आहेत. व्यक्तीचे पूर्ण नाव, नाते, रस्ता, गाव आणि राज्य एवढे सारे त्यांत येते.

द नोशन ऑफ फॅमिली

२००१ ते २०१४ या काळात घेतलेली ही कृष्णधवल छायाचित्रे जिलेटिन सिल्व्हर प्रिंट पद्धतीने छापलेली आहेत. घराच्या आतील खोल्या, रुग्णालयाचे वॉर्ड, बंद दुकाने, पाडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा आणि नदीकाठचा कारखाना अशी त्यांची व्याप्ती आहे. घर आणि गाव यांच्यात मालिका कुठेही भेद करीत नाही. एका पानावर आजीची बैठकीची खोली असते आणि पुढच्यावर उजाड रस्ता. प्रकाश बहुधा खिडकीतून किंवा घरातल्या दिव्यातून आलेला असतो.

‘ग्रँडमा रुबी अँड मी’ (२००५) या चित्रात आजी व नात बैठकीच्या खोलीत गालिच्यावर शेजारी बसलेल्या आहेत. भोवती आजीने जमवलेल्या बाहुल्या आहेत. दोघींच्या बसण्यात एकमेकींची सवय आहे, तरी चेहऱ्यांवर पाहणाऱ्याला जवळ करणारा भाव नाही. ‘मॉम्मी’ (२००८) या चित्रात आईचा चेहरा बाजूने दिसतो आणि त्यामागे मुलीचा चेहरा समोर पाहतो. आईच्या चेहऱ्याने मुलीचा अर्धा चेहरा झाकला आहे. दोन चेहऱ्यांमधली ही अपुरी जागा मायलेकींच्या ताणलेल्या नात्याविषयी बरेच सांगून जाते. काही चित्रांत कॅमेरा आईच्या हाती आहे आणि मुलगी समोर. फ्रेझर आईला सहनिर्माती मानतात, आणि ते केवळ सौजन्य नाही. आजारपण, थकवा, उघडे शरीर यांची चित्रे कुठवर न्यायची हे येथे दोघी मिळून ठरवतात. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला अशी चित्रे घेता आली नसती आणि घेतली असती तर ती वेगळी वाचली गेली असती.

मालिकेतील सर्वांत कठोर कृती ‘लँडस्केप ऑफ द बॉडी’ (२०११) ही असावी. अपस्माराच्या तपासणीसाठी बसलेल्या आईची पाठ एका चौकटीत दिसते. रुग्णालयाचा झगा मागून उघडा आहे आणि डोक्यापासून तारा लोंबत आहेत. शेजारच्या चौकटीत पाडकाम चालू असलेले ब्रॅडकचे रुग्णालय आहे. त्याच्या फुटलेल्या भिंतींतूनही तारा व सळ्या लोंबत आहेत. शीर्षकातील ‘शरीराचा भूप्रदेश’ हा शब्दप्रयोग दोन्ही चौकटींना सारखाच लागू पडतो.

‘अपर्चर’ या प्रकाशनसंस्थेने २०१४ साली ही मालिका ग्रंथरूपाने काढली. चित्रांसोबत फ्रेझर यांचे आत्मकथनपर लेखन आहे. ग्रंथाला न्यू यॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीचा २०१५ चा इन्फिनिटी पुरस्कार मिळाला.

रुग्णालय आणि जीन्सची जाहिरात

पिट्सबर्ग विद्यापीठाशी संलग्न यूपीएमसी ही वैद्यकीय संस्था ब्रॅडकमधील रुग्णालय चालवीत असे. हे रुग्णालय बंद करण्याचा निर्णय तिने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केला आणि जानेवारी २०१० अखेर ते बंद झाले. गावात उपचारांसोबतच नोकऱ्यांचाही तो मोठा आधार होता. रहिवाशांनी मोर्चे काढले. फ्रेझर यांनी ते चित्रित केले. इमारत नंतर पाडण्यात आली. २०१२ साली संस्थेने तुलनेने सधन असलेल्या मनरोव्हिल उपनगरात नवे रुग्णालय उघडले.

नेमक्या त्याच वर्षी, २०१० मध्ये, लीव्हायज या जीन्स उत्पादक कंपनीने ब्रॅडकमध्ये आपली जाहिरातमोहीम चित्रित केली. ओसाड गावात नव्याने उभारणी करणारे कष्टकरी ही तिची कल्पना होती. कंपनीने गावच्या समाजकेंद्रासाठी मोठी रक्कमही दिली, आणि तत्कालीन नगराध्यक्ष जॉन फेटरमन (पुढे पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर) यांचा मोहिमेला पाठिंबा होता. फ्रेझर यांचा आक्षेप चित्रणाच्या रोखावर होता. रुग्णालयासाठी लढणारे वृद्ध व आजारी रहिवासी या जाहिरातींत कुठेच नव्हते; ब्रॅडक जणू नव्या वसाहतकारांची वाट पाहणारी मोकळी सरहद्द होती.

त्यांनी दोन प्रकारे उत्तर दिले. कंपनीने न्यू यॉर्कच्या सोहो भागात तात्पुरती छायाचित्र कार्यशाळा उघडली होती. फ्रेझर यांनी तिच्यासमोरील पदपथावर त्याच कंपनीचे कपडे घालून, अंग जमिनीवर घासत, ते फाटेपर्यंत एक सादरीकरण केले. लिझ मॅजिक लेझर या कलावंतासोबत केलेली ही कृती चित्रफितीत नोंदलेली आहे. दुसरे उत्तर म्हणजे ‘कँपेन फॉर ब्रॅडक हॉस्पिटल’ (२०११) हा बारा मुद्रणांचा संच. त्यात जाहिरातीची दृश्ये, आंदोलनाची छायाचित्रे आणि रहिवाशांचे बोल एकत्र येतात. २०१२ च्या व्हिटनी द्वैवार्षिक प्रदर्शनात हा संच मांडला गेला आणि फ्रेझर यांचे नाव राष्ट्रीय पातळीवर पोहोचले. पुढील वर्षी ब्रुकलिन संग्रहालयाने ‘अ हाँटेड कॅपिटल’ हे त्यांचे एकल प्रदर्शन भरवले. त्याच सुमारास त्यांनी हेलिकॉप्टरमधून ब्रॅडकची हवाई छायाचित्रेही घेतली. घरांच्या रांगा आणि कारखाना यांतील अंतर किती थोडे आहे, हे त्यांत एका नजरेत कळते.

फ्लिंट

मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा एप्रिल २०१४ मध्ये खर्चकपातीसाठी डेट्रॉइटच्या यंत्रणेवरून फ्लिंट नदीवर वळवण्यात आला. शहराचा कारभार तेव्हा राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाकडे होता. नळवाहिन्यांची झीज रोखणारी प्रक्रिया पाण्यावर न केल्याने जुन्या वाहिन्यांतील शिसे नळाच्या पाण्यात उतरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा डेट्रॉइटचे पाणी सुरू झाले, पण तोवर हानी झाली होती. शहरातील निम्म्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय आहेत.

‘एल’ या नियतकालिकासाठी फ्रेझर २०१६ मध्ये फ्लिंटला गेल्या. तेथे त्या शे कॉब या शालेय बसचालक व कवयित्रीच्या, तिची मुलगी झायन हिच्या आणि मैत्रीण अँबर हसन हिच्या सोबत पाच महिने राहिल्या. सहसा वृत्तछायाचित्रकार काही दिवसांत काम आटोपून परततो. फ्रेझर पाच वर्षे या कुटुंबाशी जोडलेल्या राहिल्या, त्यामुळे मालिकेला तीन अंक लाभले. पहिल्या अंकात फ्लिंटमधील दिनक्रम आहे. बाटलीबंद पाण्याने दात घासणारी मुलगी हे त्यातील सर्वाधिक लक्षात राहणारे दृश्य. दुसऱ्यात कॉब मुलीला घेऊन मिसिसिपी राज्यातील न्यूटन येथे वडिलांच्या जमिनीवर राहायला जाते, जिथे झऱ्याचे स्वच्छ पाणी आणि घोडे आहेत. दक्षिणेतील वंशभेदाला कंटाळून ज्या दिशेने कृष्णवर्णीयांच्या आधीच्या पिढ्या उत्तरेकडे आल्या, त्याच्या उलट हा प्रवास होता.

तिसऱ्या अंकात छायाचित्रकार प्रत्यक्ष हस्तक्षेप करते. माजी सैनिक मोझेस वेस्ट यांनी हवेतील बाष्पापासून पिण्याचे पाणी मिळवणारे सुमारे १२ टन वजनाचे यंत्र तयार केले होते. फ्रेझर यांनी फ्लिंट-चित्रांच्या प्रदर्शनातून मिळालेले उत्पन्न आणि रॉबर्ट राउशनबर्ग प्रतिष्ठानचे अनुदान वापरून २०१९ मध्ये ते फ्लिंटमध्ये आणवले. रहिवासी रांगा लावून मोफत पाणी नेऊ लागले. या अंकातील व्यक्तिचित्रे रंगीत आहेत, आणि आधीच्या कृष्णधवल चित्रांनंतर ती पाहताना हा बदल चांगलाच जाणवतो. एका यंत्राने शहराचा प्रश्न सुटत नाही, हे खरेच. पण कलाकृतीच्या विक्रीचा पैसा चित्रातील लोकांकडे परत जाण्याचे इतके सरळ उदाहरण समकालीन कलेत विरळ आहे. तिन्ही अंक ‘फ्लिंट इज फॅमिली इन थ्री अ‍ॅक्ट्स’ या नावाने श्टाइडल या जर्मन प्रकाशनसंस्थेने २०२२ मध्ये ग्रंथरूपाने काढले.

द लास्ट क्रूझ

ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सचा कारखाना १९६६ पासून चालू होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने तेथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि ६ मार्च २०१९ रोजी शेवटची शेव्हरोले क्रूझ मोटार बाहेर पडली. कामगारांपुढे दूरच्या राज्यांतील कारखान्यांत बदली घेणे किंवा नोकरी व काही लाभ गमावणे असे पर्याय होते. पती-पत्नी दोघेही याच कारखान्यात असलेल्या घरांची, आजारी आईवडिलांची जबाबदारी असलेल्यांची ओढाताण विशेष झाली.

फ्रेझर यांना कारखान्याच्या आत छायाचित्रणाची परवानगी मिळाली नाही. त्यामुळे त्यांनी कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेचे सभागृह आणि कामगारांची घरे येथे काम केले. आतील दृश्यांसाठी एका कामगारानेच घेतलेली छायाचित्रे उपयोगी पडली. मालिकेचा काही भाग २०१९ मध्ये ‘द न्यू यॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिकात आला. नंतर शिकागोच्या रेनेसाँ सोसायटीत साठाहून अधिक छायाचित्रे जुळणी-पट्ट्यासारख्या दिसणाऱ्या लाल रंगाच्या धातूच्या सांगाड्यावर मांडण्यात आली. प्रत्येक चित्राशेजारी त्या कामगाराचे त्याच्याच शब्दांतील निवेदन होते. ही निवेदने दीर्घ आहेत आणि प्रेक्षकाकडून बराच वेळ मागतात. सर्व वाचून होत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. पण वाचणाऱ्याला ‘कामगार’ या एकाच शब्दाखाली झाकलेली वेगवेगळी माणसे भेटतात.

इतर काम

२०१६-१७ मध्ये बेल्जियममधील बोरिनाज या जुन्या कोळसा खाणींच्या प्रदेशात, ग्रां-ऑर्नू येथील संग्रहालयाच्या निमंत्रणावरून, फ्रेझर यांनी निवृत्त खाणकामगार व त्यांच्या कुटुंबांची चित्रे घेतली. व्हिन्सेंट व्हान गॉख यांनी चित्रकार होण्यापूर्वी धर्मोपदेशक म्हणून काही काळ काढला तो हाच प्रदेश. पिट्सबर्गमध्ये २०१७ साली त्यांनी सँड्रा गूल्ड फोर्ड या लेखिकेसोबत प्रदर्शन केले. फोर्ड यांनी पोलाद कंपनीत कारकुनी करताना अपघात व तक्रारींची कागदपत्रे जपून ठेवली होती. फ्रेझर यांनी त्यांच्या निळ्या रंगाच्या सायनोटाइप प्रती काढल्या. पोलिसांच्या गोळीबारात मरण पावलेल्या ब्रिओना टेलर हिच्या कुटुंबीयांची चित्रे २०२० मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये आली.

‘मोअर दॅन काँकरर्स’ (२०२१-२२) ही मांडणी बाल्टिमोरच्या सामुदायिक आरोग्यसेवकांना वाहिलेली आहे. छायाचित्रे व मुलाखती भिंतीवर न टांगता सलाइन लावण्याच्या स्टीलच्या दांड्यांवर, साथीच्या काळातील सहा फुटांचे अंतर राखून उभ्या केल्या आहेत. २०२२ च्या कार्नेगी इंटरनॅशनल प्रदर्शनात तिला कार्नेगी पारितोषिक मिळाले. ज्यांच्या कारखान्याच्या सावलीत फ्रेझर यांचे घर होते, त्याच कार्नेगींच्या नावाचे हे पारितोषिक आहे.

स्वागत व मूल्यमापन

फ्रेझर यांच्या चित्रांना दस्तऐवज म्हणावे की ललित कला, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. त्या स्वतः ही विभागणी मानत नाहीत. अधिक टोकदार प्रश्न बाजाराचा आहे. दारिद्र्य व आजार यांची चित्रे न्यू यॉर्कच्या मातब्बर दालनांतून विकली जातात. फ्रेझर यांचे प्रतिनिधित्व आधी गॅव्हिन ब्राउन यांच्या दालनाने आणि ते २०२० मध्ये बंद झाल्यावर ग्लॅडस्टोन दालनाने केले. फ्लिंटचे यंत्र हे या प्रश्नाला त्यांनी दिलेले एक उत्तर मानता येते. अलीकडच्या मांडण्यांना ‘स्मारक’ म्हणण्याकडे त्यांचा कल आहे. या कृतींत गौरवाचा सूर वाढला असून ‘द नोशन ऑफ फॅमिली’मधील घरगुती अस्वस्थता काहीशी मागे पडली आहे. आपल्याच आईसमोर कॅमेरा धरताना जी द्विधा मनःस्थिती चित्रांत उतरली, ती इतरांच्या घरात उतरणे कदाचित शक्यही नसावे.

फ्रेझर यांना २०१४ साली गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. २०१५ च्या मॅकआर्थर फेलोशिपची रक्कम ६,२५,००० डॉलर होती. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २०२४ च्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्यांचा समावेश होता. ‘मॉन्युमेंट्स ऑफ सॉलिडॅरिटी’ हे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शन १२ मे ते ७ सप्टेंबर २०२४ या काळात चालले. ब्रॅडकच्या चित्रांपासून शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस वेर्ता यांच्यावरील नव्या कामापर्यंतचा पट त्यात होता. २०१४ पासून फ्रेझर स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो येथे छायाचित्रणाचे अध्यापन करू लागल्या. त्यापूर्वी त्या न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात शिकवीत होत्या.